परड्यातल्या कोंबड्यांचा हिशेब

(बी. एस्सी., तृतीय वर्ष)

कुक्कुटपालन हा शब्द पुस्तकात वाचला की डोळ्यांपुढे उभी राहते ती जाळीची लांबलचक शेड, पांढऱ्या कोंबड्यांच्या रांगा आणि खाद्याची पोती. आमच्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, जांबोटी-कणकुंबीच्या वाटेवरच्या वाड्यांतून, हा शब्द कोणी उच्चारत नाही. तिथे बायका म्हणतात, "चार कोंबड्या हाईत परड्यात." या चारचा अर्थ चार असा नसतो, तीन असतील, तेराही असतील. घरच्या कर्त्या पुरुषाला नेमका आकडा विचारावा, तर तो घरात तोंड करून बायकोला हाक मारतो, कारण कोंबड्या त्याच्या नसतात. भात त्याचे, बैल त्याचे, म्हशीच्या दुधाचा हिशेबही पुष्कळदा त्याचाच. कोंबडी मात्र बाईची. अंडी विकून मीठ-मिरची येते, तलंग विकून लेकीच्या बांगड्या येतात, आणि कोंबडा विकून, निदान आमच्या घरी तरी, मुलाच्या कॉलेजच्या फीतला काही भाग आलेला आहे. तेव्हा हा विषय अभ्यासाला क्षुल्लक आहे असे मला वाटत नाही.

देशाचा आकडाही तेच सांगतो. २०१९ च्या पशुगणनेत एकूण ८५ कोटींहून अधिक कोंबड्या व तत्सम पाळीव पक्षी मोजले गेले. त्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातले होते, आणि २०१२ च्या गणनेच्या मानाने परसातल्या पक्ष्यांत ४५ टक्क्यांहून अधिक वाढ झाली होती. शेडचा धंदा वाढला म्हणून परडी ओस पडली, असे झालेले नाही.

प्राणिशास्त्र हा माझा विषय. कोंबडीच्या गर्भाच्या २४, ३३, ४८ आणि ७२ तासांच्या काचपट्ट्या आम्ही प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, आकृत्या काढतो, गुण मिळवतो. त्या आकृत्या घेऊन सुट्टीत घरी गेलो, तेव्हा आईने त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि विचारले, "यातलं जगतंय कितवं?" हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही. त्यानंतरची दोन वर्षे सुट्टीत गावी असताना मी स्वतः, आणि नसताना धाकट्या बहिणीकडून, परड्यातल्या कोंबड्यांची एक वही ठेवली. हा लेख बराचसा त्या वहीतून आलेला आहे. काही भाग कुक्कुटपालनाच्या एका कन्नड पत्रकातून आला आहे. ते मला वाचता येईना. आमच्या वर्गातल्या एका कन्नड मित्राने वसतिगृहात दोन संध्याकाळी बसून ते वाचून दाखवले. कोंबडी म्हणजे 'कोळी' आणि कोंबडा म्हणजे 'हुंज' एवढे कन्नड मला त्याच निमित्ताने आले.

रानातली आणि घरातली

आमच्या वाडीत पहाटे दोन कोंबडे आरवतात. एक खुराड्यातला आणि एक पलीकडच्या रानातला. सह्याद्रीच्या रानातला हा राखी रानकोंबडा. घरच्या कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा असे चार्ल्स डार्विनपासून मानत आले, आणि ते मुख्यतः खरेच आहे. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की, घरच्या कोंबडीच्या कातडीला आणि पायांना पिवळा रंग देणारा जनुक तांबड्याकडून नव्हे, तर आपल्याकडच्या या राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे. म्हणजे बाजारात पिवळ्या पायांची कोंबडी पारखून घेणाऱ्या मावशी आमच्याच रानाची खूण शोधत असतात!

ही नुसती गमतीची माहिती नव्हे. परड्यातली कोंबडी अजूनही पुष्कळशी रानपाखरू आहे. तिन्हीसांजेला तिला उंचावर बसायचे असते. पाला उकरून किडा शोधल्याशिवाय तिचे पोट भरत नाही. आकाशात घार फिरली की विशिष्ट आवाज काढून ती पिल्लांना झुडपात घालते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती खुडूक होते. शेडमधल्या पांढऱ्या कोंबडीचा हा गुण माणसाने पिढ्यानुपिढ्या निवड करून जवळजवळ घालवून टाकला आहे, कारण अंड्यांवर बसलेली कोंबडी अंडी देत नाही. धंदेवाल्याला तो दोष वाटतो. आईला विचारले तर ती म्हणेल, खुडूक न होणारी कोंबडी घेऊन करायचे काय?

रवणीचे गणित

कोंबडीच्या पोटात एक अंडे तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. त्यामुळे ती रोज थोडी थोडी उशिरा अंडे घालते आणि मध्येच एखादा दिवस चुकवते. गावठी कोंबडी साधारण वीस दिवसांत बारा-पंधरा अंडी देते आणि मग खुडूक होते. अंगावरची पिसे फुलवते, घोगरी ओरडते, जवळ गेले की टोचते. तिला अंड्यांवर बसवली, म्हणजे रवणीला बसवली, की एकविसाव्या दिवशी पिल्ले.

इथे एक शंका कोणालाही यावी. पहिले अंडे पंधरा-वीस दिवसांपूर्वीचे, शेवटचे कालचे. मग पिल्ले एकाच दिवशी कशी निघतात? आमच्या काचपट्ट्यांतच याचे उत्तर आहे. अंडे बाहेर पडते तेव्हा आतल्या गर्भाची थोडी वाढ झालेली असते. बाहेर थंडावा मिळताच ती थांबते. साधारण २० ते २१ अंश सेल्सियसच्या खाली गर्भ निद्रिस्त राहतो. कोंबडी बसून ऊब देऊ लागली की सगळे गर्भ एकदम जागे होतात. म्हणून अंडी थंड जागी ठेवावीत हे खरे. आमच्याकडे ती नाचणीच्या मडक्यात पुरून ठेवतात. त्यात शास्त्र आहे. पण हे थांबणे फार दिवस चालत नाही. थंडीत आठ-दहा दिवस, उन्हाळ्यात पाच-सहा दिवस. त्यापुढे उगवण कमी होत जाते. तेव्हा रवणीला शेवटची आठ-दहा अंडी ठेवावीत आणि आधीची खाण्याला किंवा विकण्याला काढावीत.

वळवाच्या पावसात गडगडाट झाला की अंडी गार होतात असे सगळेच सांगतात, आणि त्यावर उपाय म्हणून बुट्टीत एखादा लोखंडी खिळा किंवा कोळसा ठेवतात. खिळ्याने काही बिघडत नाही. पण चैत्र-वैशाखात अंडी वाया जातात ती विजेने नव्हे, उष्म्याने. मडक्यातल्या अंड्याला दुपारच्या तापाने अर्धवट ऊब मिळते, गर्भ थोडा वाढतो, रात्री थांबतो, पुन्हा वाढतो, आणि कोंबडी बसण्याआधीच मरतो. सातव्या-आठव्या रात्री अंडे बॅटरीच्या उजेडापुढे धरावे. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर जिवंत; स्वच्छ दिसले तर वांझ; नुसते रक्ताचे कडे दिसले तर मेलेले. ही दोन्ही बाहेर काढली की कोंबडीची ऊब उरलेल्यांना नीट पुरते.

आता हिशेब. वीस दिवस अंडी, एकवीस दिवस बसणे, मग दोन-अडीच महिने पिल्लांमागे हिंडणे. सगळे मिळून चार महिन्यांच्या आत-बाहेर. वर्षाला तीन फेऱ्या. एका फेरीत दहा अंडी बसवली आणि आठ पिल्ले निघाली, तर वर्षाला चोवीस पिल्ले. ही चोवीस मोठी होत असती तर आमच्या वाडीत कोंबड्यांना ठेवायला जागा उरली नसती. ती तशी होत नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहे. वहीतल्या पहिल्या पावसाळ्यातली एक रवण सांगतो. अकरा अंडी बसवली, नऊ पिल्ले निघाली. दोन घारीने नेली, एक कावळ्याने. एक मुंगसाने कुंपणाजवळ धरले. दोन आषाढातल्या झडीत भिजून गारठली. उरली तीन. आई म्हणाली, "तीन म्हणजे चांगलीच की."

ती तिनाला चांगली म्हणते, कारण तिच्या आईच्या वेळेपासून तीनच उरत आलेली आहेत.

पहिले सहा आठवडे

गेलेल्या पिल्लांची तारीख आणि वय लिहीत गेलो, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. आठवड्यांच्या रकान्यात पहिल्या तीन-चार आठवड्यांतच फुल्यांची गर्दी होती. सहाव्या आठवड्यानंतर फुली क्वचित. पंखांत बळ आले की पिल्लू स्वतःला सांभाळते. तेव्हा एवढे सहा आठवडे सांभाळायचे, बस्स.

पिल्लू अंड्यातून निघताना बलकाचा उरलेला भाग त्याच्या पोटात गेलेला असतो. दोन दिवस त्यावर ते राहू शकते. त्याला पहिली गरज अन्नाची नाही, उबेची आहे. यंत्रावर पिल्ले वाढवतात तिथे पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सियस उष्णता देतात आणि दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी ती उतरवत आणतात. परड्यात हे काम आईच्या पंखांखाली फुकट होते. पण कोंबडी पिल्ले घेऊन पहाटेच दंवातून, पावसाच्या दिवसांत तर चिखलातून, हिंडायला निघते. दिवसभर पिल्ले ओली ती ओलीच.

म्हणून उपाय अगदी साधा. बुरुडाकडून एक मोठे, विरळ विणीचे डालगे करून घ्यावे. कोंबडीला पिल्लांसह पहिले दोन आठवडे त्याखाली, पडवीत, कोरड्या भुशावर ठेवावे. पुढचे दोन-तीन आठवडे कोंबडी डालग्यात आणि पिल्लांना आत-बाहेर करता येईल एवढी फट. पिल्ले फार लांब जात नाहीत. आईचा आवाज ऐकू येईल एवढ्यातच खेळतात, आणि घार आली की आत पळतात. खाणे फटीबाहेर ठेवले तर कोंबडीला ते पोचत नाही, सगळे पिल्लांना मिळते. भरडलेली नाचणी, तांदळाची कणी, थोडी शेंगदाण्याची पेंड असली तर उत्तम. पण पिल्लाला सगळ्यांत जास्त हवे ते किड्यामुंग्यांतले प्रथिन. आमच्याकडे वाळवी लागलेल्या काटक्या किंवा वारुळाचे ढेकूळ आणून पिल्लांपुढे फोडतात. त्या वेळी त्यांची जी झुंबड उडते ती पाहण्यासारखी असते. कोणत्याही दुकानातल्या खाद्यापुढे ती मी पाहिलेली नाही.

दोन कोंबड्या एकाच दिवशी रवणीला बसवल्या तर आणखी एक सोय होते. निघालेली सगळी पिल्ले रात्री अंधारात एकीच्याच पंखांखाली सरकवावीत. सकाळी ती सगळ्यांना आपली मानते. दुसरी कोंबडी पिल्लांमागे दोन महिने न घालवता लवकर पुन्हा अंड्यावर येते. कोंबडीला मोजता येत नाही, असे माझी बहीण म्हणते. मला वाटते, मोजता येत असेलही, पण ती तक्रार करीत नाही.

पिल्ले कधी काढावीत यालाही महत्त्व आहे. कार्तिक-मार्गशीर्षाला तोड नाही. भातकापणी झालेली असते, खळ्यावर सांडलेले दाणे असतात, शिवारात किडे असतात, जमीन कोरडी आणि ऊन कोवळे. मृग ते श्रावण हा काळ सर्वांत वाईट. कणकुंबी हे मलप्रभेचे उगमस्थान. त्या अंगाला पाऊस लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. ओल्या जमिनीत रक्ती हगवणीचे सूक्ष्म जंतू फोफावतात आणि पिल्ले एका रात्रीत माना टाकतात. कोंबड्याही या दिवसांत अंडी कमी देतात, कारण अंड्याला उजेड लागतो. दिवस लहान किंवा अंधारलेला असला की कोंबडीच्या मेंदूतून अंडाशयाला जाणारी आज्ञाच मंदावते. पावसाळ्यात खुडूक झालेल्या कोंबडीला आम्ही आता बसवत नाही.

खुराड्याविषयी थोडेच सांगतो, कारण ते प्रत्येकजण आपल्याकडच्या लाकडाप्रमाणे करतो. जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच चार खांबांवर असावे. तळाला कामट्या बोटभर अंतराने, म्हणजे शीट खाली पडते आणि आत ओल राहत नाही. खाली पडलेले मिरचीच्या वाफ्यात टाकावे. मुंगूस दोन बोटांच्या फटीतूनही डोके घालते, रानमांजराला कडी उघडता येत नाही पण सैल फळी ढकलता येते, आणि घोरपड अंड्यांच्या वासावर येते. खांबांना गुडघ्याच्या वर पत्रा गुंडाळला की चढणारे बरेच थांबतात. आत निगडीचा पाला घालावा, बाहेर राखेचा एक खड्डा असावा. कोंबडी राखेत लोळली की उवा-पिसवा कमी होतात. अंड्याची टरफले फेकू नयेत. भाजून, कुटून पुन्हा कोंबड्यांना घालावीत. टरफल म्हणजे जवळजवळ सगळा चुनाच, आणि तो दर अंड्यामागे कोंबडीच्या अंगातून जात असतो.

नवी जात घ्यावी का?

हा प्रश्न मला वाडीत सर्वांत जास्त विचारला गेला. बंगळूरच्या हेब्बाळ येथील पशुवैद्यक महाविद्यालयात १९८० च्या दशकात तयार झालेली 'गिरिराज', हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची 'वनराज' आणि 'ग्रामप्रिया' या जाती खास परसासाठीच काढलेल्या आहेत. त्या रंगीत आहेत, म्हणजे घारीच्या डोळ्यांत पांढरीइतक्या भरत नाहीत. वजन लवकर धरतात. गावठी कोंबडीची वर्षाची अंडी पन्नास-साठ. यांची त्याच्या दुपटीहून अधिक. गावाजवळ अंड्यांना गिऱ्हाईक असेल, पिल्ले मिळण्याची सोय असेल आणि रोज थोडे खाद्य घालण्याची ऐपत असेल, तर जरूर घ्याव्यात. मी त्यांच्या विरुद्ध नाही.

परंतु दोन गोष्टी पत्रकात बारीक अक्षरात असतात. या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. आणि त्या संकरातून आलेल्या असल्यामुळे घरच्या घरी पुढची पिढी काढली तर मूळचे गुण तसे उतरत नाहीत. म्हणजे दर वेळी पिल्ले विकत आणायची. शिवाय जड अंगामुळे त्यांना उडून झाडावर चढता येत नाही, आणि परड्यात मिळेल तेवढ्यावर त्यांचे भागत नाही. परड्याचीही एक कुवत असते. उकिरडा, कुंपण, गोठा, खळे मिळून जेवढे किडे आणि दाणे निघतात, तेवढ्याच कोंबड्या फुकट जगतात. त्यापुढच्या प्रत्येक कोंबडीला विकतचे घालावे लागते. शेजारच्या आजीने हे माझ्याहून थोडक्यात सांगितले: "आदी हाईत ती पिल्लं जगीव की रे, मग जात बदल." आठांतली तीन जगत होती ती सहा जगली, तर उत्पन्न दुप्पट होते, आणि त्यासाठी लागते एक डालगे.

डालग्याचा उपयोग झालाही. दिवाळीनंतरच्या रवणीत दहा अंडी बसवली, आठ पिल्ले निघाली, सहा मोठी झाली. दुसऱ्या कोंबडीची पाच झाली. माघ संपता संपता खुराड्यात लहानमोठी मिळून चौदा पाखरे होती. आईने त्यांतल्या चार तलंगा ठेवायच्या आणि बाकीची जत्रेच्या आधी विकायची असे ठरवले होते.

मानमोडी

फाल्गुनात मानमोडी आली. आठ दिवसांत चौदांपैकी अकरा गेली. वाडीत ज्यांच्या घरी डालगे होते त्यांचीही गेली आणि नव्हते त्यांचीही गेली.

मानमोडी म्हणजे शास्त्रात ज्याला रानीखेत म्हणतात तो रोग. १९२६ साली तो जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल येथे प्रथम ओळखला गेला. त्यानंतर लवकरच कुमाऊँच्या डोंगरातल्या रानीखेत गावी तो आढळला, आणि आपल्या देशात त्या गावाचेच नाव त्याला चिकटले. हा विषाणूचा रोग आहे. पाखरू सुस्त होते, चोच उघडून श्वास घेते, हिरवट पातळ हगते, पाय लुळे पडतात, मान पिळवटते. कित्येकदा मान वाकडी व्हायलाही वेळ मिळत नाही. रात्री बरे असलेले सकाळी मेलेले सापडते. यावर औषध नाही. लसूण, हळद, ताडी, विड्याचे पान, ज्याचे त्याने करून पाहिले आहे. जी वाचतात ती आपल्या बळावर वाचतात. माणसाला यापासून मोठे भय नाही. फार तर डोळे चुरचुरून लाल होतात. मात्र अचानक पुष्कळ पाखरे मेली तर दवाखान्यात कळवावे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाल्यापासून तर हे विसरता येत नाही. दोन्ही रोगांची सुरुवात वरवर सारखीच दिसते.

हा रोग वाऱ्याने येतो अशी समजूत आहे. प्रत्यक्षात तो पुष्कळदा पिशवीतून येतो. शिमगा आणि गावोगावच्या जत्रा यांच्या दिवसांत आठवड्याच्या बाजारातून कोंबड्यांची नेआण वाढते. कुठलीतरी वरून बरी दिसणारी कोंबडी पाय बांधून आणली जाते, दोन दिवस परड्यात सोडली जाते, मग कापली जाते आणि तिची पिसे-आतडी उकिरड्यावर पडतात. त्या उकिरड्यावर सगळ्या वाडीची पाखरे उकरतात. आणलेली कोंबडी पंधरा दिवस वेगळी डालून ठेवावी, मेलेली पाखरे व आतडी खोल पुरावीत, हे सांगायला सोपे आहे. दुसरी गोष्ट सांगायला अवघड. एका घरी पाखरू मेले की उरलेली पाखरे त्याच दिवशी बाजारात जातात. "आज इकली तर चार पैसे, उद्या खड्ड्यात," असे मला एका काकूंनी सरळ सांगितले. त्यांना मी काय उत्तर देणार? त्यांच्या मुलीचे लग्न वैशाखात होते. पण त्या कोंबड्या ज्यांनी विकत घेतल्या, त्याही दुसऱ्या कुठल्यातरी वाडीतल्या काकूच असणार.

या रोगाला औषध नसले तरी लस आहे, आणि ती चांगली आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना एफ किंवा लासोटा या सौम्य लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. सहा ते आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी नावाची जोरकस लस, पंखाच्या मुळाशी कातडीखाली टोचून. सहा आठवड्यांहून लहान पिल्लाला ही दुसरी लस देऊ नये. तिच्यानेच ते आजारी पडते. लस आधी द्यायची असते. रोग वाडीत शिरल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

मग ती कोणी देत का नाही? आळसाने नव्हे. लस निदान शंभर पाखरांच्या कुपीत येते. दवाखान्यापासून घरापर्यंत ती बर्फात आणावी लागते, आणि एकदा पाण्यात कालवली की दोन तासांत संपवावी लागते. ज्या बाईच्या परड्यात सात कोंबड्या आहेत तिने काय करायचे? सात टोचून त्र्याण्णव ओतून द्यायच्या? एवढ्यासाठी बर्फ आणि बसभाडे खर्च करायचे? हजार कोंबड्यांच्या शेडला जी कुपी अपुरी पडते, ती परड्याला उगाच मोठी. उष्णता थोडी अधिक सोसणारी लस ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात तयार झाली, आणि आफ्रिकेतल्या काही देशांत गावातल्याच बायका ती थेंबाथेंबाने देतात, असे वाचले. ते वाचून एवढे कळले की अडचण आमच्या एकट्या वाडीची नाही.

शंभराची कुपी सात कोंबड्यांच्या घराला मोठी आहे. पण सतरा घरांच्या वाडीला ती बरोबर मापाची आहे. गेल्या मार्गशीर्षात देवळाच्या कट्ट्यावर बायकांना हे सांगितले. शंका निघाल्या. टोचल्यावर कोंबडी अंडी थांबवते, हे कोणीतरी ऐकले होते. ते खोटे नाही. आर-टू-बीने अंडी काही दिवस कमी होऊ शकतात. म्हणून तलंगा अंड्यावर येण्याआधी टोचाव्यात, आणि अंड्यावरच्या कोंबड्या त्यांची पाळी संपल्यावर. एकीने विचारले, वर्गणी कोंबडीमागे की घरामागे? कोंबडीमागे ठरली, कारण दोन कोंबड्यांच्या घरालाही ती परवडायला हवी. मी दुपारच्या बसने थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणली. पशुवैद्यकीय खात्यातले एक गृहस्थ आपण होऊन आले आणि त्यांनी टोचायचे कसे ते दाखवले. तिन्हीसांजेला पाखरे खुराड्यात शिरल्यावर कुपी कालवली आणि बॅटरीच्या उजेडात घरोघर फिरलो. आजारी दिसणारे पाखरू वगळायचे, हे बायकांनीच कटाक्षाने पाळले. कोणते सुस्त आहे हे त्यांना स्पर्शाने कळते. पाऊण तासात वाडी झाली. थोडी लस उरली, ती ओढ्यापलीकडच्या गवळीवाड्यावर नेली.

या फाल्गुनात शेजारच्या दोन वाड्यांत मानमोडी झाली. आमच्याकडे चार पाखरे मेली. त्यांतली तीन त्या संध्याकाळी वयाने लहान म्हणून सोडून दिलेली पिल्ले होती. त्या पिल्लांचा प्रश्न उरतोच. पहिल्या आठवड्यातला डोळ्यातला थेंब द्यायचा तर पिल्ले एकाच वयाची हवीत, आणि प्रत्येक घरची रवण वेगळ्या दिवशी निघते. यावरची तोड आईने काढली. येत्या कार्तिकात ज्यांच्या कोंबड्या खुडूक होतील त्यांनी आठवडाभर थांबायचे. थांबेपर्यंत त्यांच्याखाली दोन-दोन जुनी अंडी ठेवून त्यांना बसते ठेवायचे. मग सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी ताजी अंडी घालायची. आतापर्यंत नऊ घरांनी होकार दिला आहे. दिवस अजून ठरायचा आहे, कारण एकविसावा दिवस बाजाराच्या दिवशी यायला नको, असे काकूंचे म्हणणे पडले.